नर खारकीचं झाड

आमच्या गावात खारीक म्हणजे बाळंतिणीच्या लाडवातली, दगडासारखी. मऊ खजूर मी पहिल्यांदा खाल्ला तो बाळापूरच्या माझ्या व्यापारी दोस्ताकडे, रोजा सोडायच्या वेळी. कलमी कोणता, अजवा कोणता, हे त्यानंच दाखवलं. मूठभर कलमी मी घरी आणला. घरचीनं खाल्ला आन् बिया धुऊन परसात लावल्या.

"अवो, आपल्या झाडाचा खजूर खाल्ल्याबिगर मी काही मरत नाही," ती म्हणे.

एकच बी जगली. कपाशी दरसाल दगा देत होती, विहीर आटत होती, तरी भांड्याचं पाणी ती त्या रोपालेच घाली. लोक हसत. "काय भाऊ, शिंदी काढून राहिले काय?"

"काढीन, पण तुले पाजणार नाही," मी म्हणे.

झाड डोक्यावर गेलं. एका उन्हाळ्याच्या तोंडी पांढरी फुलं निघाली, हात लावला की पिठासारखी भुकटी. तिनं झाडाची दृष्ट काढली. फळ काही धरलं नाही. पुढच्या सालीही नाही. दोस्त पाहायले आला, त्यानं वर पाहिलं. "भाऊ, ये तो नर है. याले फळ येत नसते."

तरी ती पाणी घालतच राहिली. त्याच पावसाळ्यात गेली.

मग पोरानं अमरावतीकडची एक बाग पाहून वावरात बरही खजुराची रोपं लावली, सगळी मादी. परसात त्याले गाडीसाठी जागा पाहिजे होती.

"बाबा, हे बिनफळाचं तोडून टाकू."

"आधी मले तोड," मी म्हटलं. मी ऐकत नसतो, हे त्याले ठाऊक आहे. रुसून बसला.

बरहीले फुलं आली, तसा तो फळ धरायले लागते ती नराची भुकटी शोधत अकोल्यापावेतो फिरला. रिकाम्या हातानं आला. दोस्तानं परसाकडे बोट केलं. "घरात नवरदेव उभा आहे, आन् तू गावोगाव काहून फिरून राहिला बेटा?"

नराच्या फुलांच्या काड्या मादीच्या झुबक्यात उलट्या बांधाव्या लागतात. शिडीवर मीच चढलो. पोरगा खाली शिडी धरून उभा. तोडायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

घड धरले, पिवळेधमक. पहिला घड घेऊन मी तिच्या झाडाच्या बुंध्याशी बसलो. बरही करकरीतच खातात. गोड होता. पण तिले मऊ आवडे. म्हणाली असती, "अवो, पिकू तर द्यायचा होता."

थोडे फडक्यात बांधून ठेवले आहेत. रोज दाबून पाहतो.