बोलणारी गॅलरी

गॅलरी या प्रकाराशी माझं जुनं वाकडं आहे. जुन्या इमारती राहण्याजोग्या आहेत की नाहीत हे तपासून लिहून देणं हा माझा व्यवसाय, आणि धुळ्यात काय, जळगावात काय, सगळ्यात आधी दगा देते ती गॅलरीच. भिंतीबाहेर लटकणारा तो स्लॅब नुसत्या सळ्यांच्या जिवावर उभा असतो. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. माणूस एक वेळ जेवणाशिवाय राहील, कूलरशिवाय राहणार नाही. ते लोखंडी धूड गॅलरीच्या पार कडेला उभं करायचं, रोज त्यात बादल्या ओतायच्या आणि खाली झिरपणाऱ्या पाण्याकडे वर्षानुवर्षं कानाडोळा करायचा, ही आमची रीत. पाणी सळ्यांपर्यंत पोचलं की सळ्या गंजून फुगतात आणि सिमेंट सुटायला लागतं. वरून मात्र फरशी चकाचक असते.

म्हणून आम्ही हातोडीने ठोकून बघतो. भरीव असेल तर आवाज खणखणीत येतो, आत सुटलेलं असेल तर पोकळ. हे मी कॉलेजात शिकलो असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे आईकडून शिकलो. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी भिंती लिंपायच्या आधी ती बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत जायची. जिथे आतून माती सुटलेली असेल तिथे थांबून म्हणायची, "आठे भीत बोलस." इथे भिंत बोलते, म्हणजे आतून पोकळ वाजते. मग तेवढा भाग खरवडून काढायचा.

जळगावला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी वर्गात ‘आहे’ऐवजी आमच्या बोलीतला ‘शे’ म्हणालो आणि सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून मी ‘शे’ तोंडातून काढून टाकला. पुढे गाव कोणतं असं कोणी विचारलं की ‘जळगाव’ म्हणायचीही सवय लागली.

एके वर्षी मे महिन्यात धुळ्यातल्या एका चार मजली इमारतीच्या गॅलऱ्या तपासायचं काम आलं. सोसायटीचे अध्यक्ष माझ्याबरोबर फिरत होते. अतिशय शुद्ध बोलणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर माझी भाषा आणखीच इस्त्रीची झाली.

तिसऱ्या मजल्यावर एका घरात गॅलरीच्या दाराला जुन्या लुगड्याची दोरी आडवी बांधलेली होती. घरात त्या वेळी एकटी म्हातारी अक्का होती, खेड्यातून मुलाकडे राहायला आलेली. गॅलरीत कुणी जाऊ नये म्हणून तिनेच ती बांधली होती. अध्यक्षांनी हसत हसत दोरी बाजूला केली.

"भाऊ," अक्का मला म्हणाली, "हाई गॅलरी बोलस. कूलरमा पानी टाकं का बोलस."

"बघा," अध्यक्ष म्हणाले, "यांची गॅलरी बोलते. काय म्हणते हो, गुड मॉर्निंग?"

मी हसलो. अगदी मोकळेपणाने, दात दाखवून हसलो. तिने काय सांगितलं ते तिथे मला एकट्यालाच कळलं होतं. नवी फरशी, कडेला भरलेला कूलर आणि वजन पडलं की येणारा आवाज. कुठल्याही तपासणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? पण ‘म्हणजे काय अक्का, कसा आवाज?’ एवढं विचारायचं म्हटलं तरी मला तिची बोली येते हे उघड झालं असतं. मी खाली बसून फरशीवर चार-दोन ठोके मारले. एक अंगठ्यावर बसला आणि माझ्या तोंडून "ओ माय वं!" निघून गेलं. अक्काने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी घाईने उठलो.

तो स्लॅब खरा तपासायचा तर कूलर हलवून खालच्या मजल्यावरून ठोकायला हवं होतं. खालचं घर बंद होतं. "किल्ली मागवू का?" अध्यक्षांनी विचारलं. "राहू द्या," मी म्हणालो. मला तिथून निघायचं होतं, बस्स. जाताना मी म्हातारीला म्हणालो, "आजी, काळजी करू नका. गॅलरी उत्तम आहे." आणि दाखल्यातही तसंच लिहिलं.

तीन आठवड्यांनी ती गॅलरी भिंतीपाशी तडकली आणि बाहेर झुकली. अक्का त्या वेळी कूलरमध्ये बादली ओतत होती. कूलर कठड्यासकट खाली गेला. ती कशीबशी दाराकडे झेपावली आणि उंबऱ्यावर आदळली. खुब्याचं हाड मोडलं. खाली कुणी नव्हतं हे नशीब, माझं कर्तृत्व नव्हे.

मी सोसायटीला चूक लेखी कळवली. खालून तपासणी केली नाही, दाखला चुकीचा होता, सगळं लिहिलं. कागदावर कबूल करणं मला जमलं, कारण कागदाची भाषा माझ्या सरावाची होती. अक्काला भेटायला जायला मात्र आणखी आठ दिवस लागले. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम काढायचो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

ऑपरेशन होऊन ती घरी आली होती, खाटेवर पडून होती. मुलगा माझ्यावर भडकला. "साहेब, ती त्या गॅलरीत पाय ठेवत नव्हती. तुम्ही सांगून गेलात आणि तिने स्वतःच्या हाताने दोरी सोडली!"

"तेले नको बोलू," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तू आपला मानूस शे, हाई माले तुना ‘माय वं’वरथीन समजनं. आपला मानूसनी सांगं म्हनीसन मी दोरी सोडी." मग तिने विचारलं, "मन्हं बोलनं तुले समजनं व्हतं ना, भाऊ?"

नाही म्हणायला जागा होती. शहरात राहून राहून विसरलो, अध्यक्ष मध्येच बोलले, ऐकू आलं नाही, काहीही चाललं असतं. तिने ते मानलंही असतं. इतक्या वर्षांनी परक्या घरात माझी जीभ वळली.

"समजनं व्हतं, अक्का."

तिने पाय झाकणारी चादर नीट केली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने सुनेला हाक मारली, "साहेबसले चहा दे वं." मघापर्यंत मी ‘भाऊ’ होतो.