सरहद्दीच्या अलीकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, मंदारला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि अनोळखी माणसापुढे तोंड लपवावं लागत नाही. की हीसुद्धा माझी पळवाटच?

सायकलींपासून सुरू करतो. ते सोपं आहे.

तेव्हा मी जर्मनीत, सारब्र्युकेनला होतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. मंदार त्याच खात्यात. सांगलीचा, माझ्यानंतर वर्षभराने आलेला. त्याला जर्मन यायचं नाही, त्यामुळे घरमालक असो, बँक असो, दवाखाना असो — बोलायला मी. रविवारी आम्ही सायकली काढायचो. गावाबाहेरचं जंगल ओलांडलं की फ्रान्स. ना फाटक, ना शिपाई. गवतात एक दगड, बस्स. पलीकडे डांबर संपायचं आणि शेतांमधून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते लागायचे. चढ, उतार, परत चढ. मोहरीसारखी पिवळी शेतं, मध्येच एखादं गाव — चर्च, कारंजं, मिटलेल्या खिडक्या, आणि आम्ही पोचायच्या आत हमखास बंद झालेली बेकरी. हे रस्ते मी शोधायचो. नकाशा पसरून मार्ग आखायचो आणि मंदार डोळे झाकून मागून यायचा. "तू म्हणशील तसं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला ते फार आवडायचं. खरं सांगू? ते ऐकायलाच मी त्याला सोबत न्यायचो.

त्या वसंतात माझा व्हिसा संपला होता. नवीन व्हायला वेळ लागत होता. आउसलेंडरबेहोर्डंत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, बाईंनी तात्पुरता कागद हातात देऊन बजावलं होतं — निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका. मंदारला मी हे बोललो नाही. रस्ता दाखवणारा मी, आणि मलाच पलीकडे जायची बंदी, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय गवतातला दगड थोडाच व्हिसा विचारतो!

गेलो. एका उतारावर, वळणावरच्या सैल खडीत मंदारचं पुढचं चाक सरकलं आणि तो उजव्या कोपरावर आपटला. तो आवाज मी ऐकला. कोपर जिथे वळू नये तिथे वळलं होतं.

खाली गाव होतं. त्याला धरून कारंज्यापाशी नेलं, कठड्यावर बसवलं. एका घरातून एक म्हातारी बाई ओले हात पुसत बाहेर आली. तिने मंदारचा हात पाहिला, आणि मला कानाशी मूठ धरून खूण केली — फोन करू का? किती साधी खूण! लहान मुलालाही कळेल. मी मान हलवली. नको, नको. हसलोसुद्धा. ती जाईना, तेव्हा मी मंदारला उठवलं.

माझ्या डोक्यात काय होतं? अँब्युलन्स येईल, मग पोलीस येतील, मग माझा कागद बघतील. पाचावर धारण बसली होती. मला परत पाठवलं तर? एवढंच. मंदारचा हात त्या विचारात कुठेच नव्हता. कुठेच नव्हता.

त्याला म्हणालो, "इथे रेंज नाही. आणि आपला इन्शुरन्स इकडे चालत नाही. जंगलापलीकडे गेलो की लगेच फोन करू." फोन माझ्या खिशात होता, चालू होता. त्याने डोळे मिटून घेतले. म्हणाला, "तू म्हणशील तसं."

माझ्या जर्किनची झोळी करून हात बांधला, सायकली मागेच टाकल्या आणि त्याला चालवलं. तीच टेकाडं, तोच खडीचा रस्ता, जो मी एवढ्या हौसेने आखला होता. चढावर तो थांबायचा, ओकायचा, परत चालायचा. एकदा म्हणाला, "बोटं गार पडलीत रे." मी म्हणालो, वारा आहे. ऊन होतं हो! वारा कसला?

दगड ओलांडला आणि फोन केला. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण वाटलं.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती कबुली. हे एवढंच असतं तर मी कधीच कुणापाशी तरी बोललो असतो.

इस्पितळात डॉक्टरांनी मला विचारलं — मलाच, कारण भाषा मला येत होती — हे कुठे झालं, आणि कधी? मंदार बाजूला पडून माझ्याकडे बघत होता. अर्धी दुपार आम्ही चाललो होतो. खरी वेळ सांगितली असती तर पुढचा प्रश्न आला असता, इतका उशीर का. मी म्हणालो, "आत्ताच. इथेच, जंगलात." "गेनाऊ?" त्यांनी विचारलं. नक्की? मी म्हणालो, "या. गेनाऊ." हो, नक्की. आत्ताच झालंय म्हटल्यावर त्यांनी त्या हिशोबाने पावलं उचलली. आधी एक्स-रे, मग सूज बघू, मग ठरवू. रक्त न पोचल्याने हात आतून मरत होता आणि मी बाहेर खुर्चीत बसून कॉफी पीत होतो. मग एकदम धावपळ झाली, ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टर बुचकळ्यात पडून म्हणाले, इतक्या लवकर असं होत नाही, समजत नाही. मंदारने विचारलं, काय म्हणतायत? मी भाषांतर केलं. "म्हणतायत, नशीब."

बोटं आत वळली ती वळलीच. उजवा हात. पेन धरता येईना, शर्टाची बटणं लावता येईनात. त्याची आई सांगलीहून आली. एवढ्या मोठ्या मुलाला त्या वरणभात कालवून घास भरवायच्या आणि मला आग्रहाने शेजारी वाढायच्या. मी जेवायचो. मंदार ओळखीच्या प्रत्येकाला सांगायचा, हा होता म्हणून वाचलो, मला धरून फ्रान्समधून चालवत आणलं याने. मी मूग गिळून बसायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

पुढे तो नोकरी सोडून परत निघाला. स्टेशनवर सोडायला मी गेलो होतो. गाडी लागली, सामान चढलं. काकू मला नेहमी अरे-तुरे करायच्या. त्या दिवशी पदर सावरत म्हणाल्या, "परक्या मुलखात तुम्ही माझ्या पोराला सांभाळलंत." आणि माझ्यापुढे हात जोडले.

मोठ्या माणसाने आपल्यापुढे हात जोडले की आपण ते धरायचे, खाली वाकून पाया पडायचं. हे शिकवावं लागत नाही. मी वाकलो नाही. वाकलो असतो तर तिथेच सगळं तोंडातून बाहेर पडलं असतं. मी ताठ उभा राहिलो, आणि त्यांना हात जोडू दिले.