बारकं मतदान, मोठं मतदान

इलेक्शन ड्युटीवरून मास्तर दोन गोष्टी घेऊन घरी येतो, पाठदुखी आणि किस्से. पाठ चार दिवसांत बरी होते. किस्से मात्र स्टाफरूममध्ये चहाच्या प्रत्येक फेरीला वाढत जातात. आमच्या निपाणी भागात तर मतदान संपतच नाही हो! लोकसभा झाली की विधानसभा, ती झाली की पंचायत. माझा जोडीदार ठरलेला, आमच्याच हायस्कुलात कन्नड शिकवणारा बसू. यादीत नाव शोधून लाल रेघ मारायची मी, अंगठा आणि शाई बघायची त्यानं.

* * *

सदलग्याच्या बाजूला एक गाव आहे. तिथं विधानसभेला मारुतीअण्णा आले. साठी उलटली तरी बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर कामाला, मतदानासाठी मुद्दाम गावी आलेले. मागाच्या पट्ट्यात सापडून त्यांचा अंगठा मधोमध चिरलेला. रजिस्टरवर टेकवला तर ठसा दोन फाकांचा उठला.

"मास्तर, दोन अंगठे उठले बघा. मला दोन मतं पायजेत!"

"मशीनला एकच बटण दाबायचं, अण्णा."

"मग मी पंचायतीलाच येतो! तिथं तीन शिक्के मिळत्यात!"

खरंच आहे. पंचायतीला मशीन नाही, कागद. त्या वॉर्डात जागा तीन, म्हणून माणशी शिक्केही तीन. सगळी रांग हसली.

* * *

त्याच दिवशी मतदान संपल्यावर मशीनचा आकडा बघितला, तर रजिस्टरपेक्षा एक मत जास्त!

पुन्हा मोजलं. एक जास्तच. पंखा बंद होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. नाव नाही, सही नाही, मग बटण दाबलं कुणी?

बसू हळूच म्हणाला, "सर, दुपारी मी टाकलं की माझं. ड्युटी सर्टिफिकेटवर. रजिस्टरला लिहायचं ऱ्हायलं वाटतं."

म्हणजे इतका वेळ भूत माझ्या शेजारी बसून चिवडा खात होतं!

* * *

पुढच्याच सोमवारी मारुतीअण्णा एसटीनं वडगावला निघाले. मागमालक म्हणतो, आलेच नाहीत. कंडक्टर म्हणतो, बेळगावात उतरले. त्यानंतर माणूस नाही, चप्पल नाही, काही नाही.

मतदारयादी तपासायला घरोघर फिरायचं कामही माझ्याकडेच. त्यांच्या घरी गेलतो. गंगाआक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या हातातला नाव काढायचा फॉर्म ओळखला.

"मास्तर, तेवढं करू नगासा. घरात कोण उरलं न्हाय बघा. यादीत नाव हाय तवर ते हायत."

फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. तेव्हापासून आक्का प्रत्येक मतदानाला मत टाकून झालं की माझ्या टेबलाशी थांबायच्या. "आलते का हे?" मी यादी बघायचो. रेघ नसायची. "न्हाय, आक्का." लोकसभेलाही हेच झालं. मला लई वाईट वाटायचं.

* * *

माझी पुतणी रेश्मा आयर्लंडला नोकरीला आहे. एकदा व्हिडिओ कॉलवर तिला चेव आला. "काका, इथं एकाच दिवशी दोन मतदानं! नगरसेवकाला मी मत टाकलं, पण युरोपच्या पार्लमेंटला मला मतच न्हाय!"

"का गं?"

"नगरसेवकासाठी नुसतं इथं राहत असलं की पुरतं. युरोपसाठी तिकडच्या देशांचं नागरिकत्व लागतं. आणि बटण न्हाय, शिक्का न्हाय. पसंतीप्रमाणं एक, दोन, तीन आकडे घालायचे."

आकड्यांचं मला सांगू नकोस म्हटलं! आमच्या शिक्षक मतदारसंघात तसंच असतं. जांभळं पेन देतात, नुसते आकडे लिहायचे. आमच्या लोकांनी काय केलं? आकडा घातला, शेजारी बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली! सगळी मतं बाद. मोजणारा अधिकारी कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्या मास्तरांनी मतपत्रिका तपासूनच दिल्या की!"

* * *

हे रेश्माचं मी गमतीनं आक्कांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"मंजी मोठ्या मतदानाला कागद लागतोय, आणि बारक्याला माणूस नुसता ऱ्हायला तरी चालतंय व्हय?"

"अहो आक्का, ते तिकडं. आपल्याकडं तसं न्हाय."

"मग हे बारक्यालाच येतील. तसं बोललेच हुते की तुमास्नी."

मी विषय बदलला.

* * *

आणि मग पंचायत आली. यादी साफ करा म्हणून वरून तगादा होता. तो फॉर्म भरून खिशात घेऊनच मी बूथवर बसलो होतो. उद्या द्यायचाच, असं ठरवून.

आक्का सकाळीच आल्या. तीन शिक्के मारले, टेबलाशी थांबल्या. "आलते का हे?"

"न्हाय, आक्का."

"येतील," म्हणाल्या आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसल्या. दुपारी ही गर्दी उसळली! मान वर करायला सवड नाही. बसू कागद फाडतोय, मी रेघा मारतोय.

पाचला दार लावलं आणि हिशेब जुळवायला बसलो. यादीवरून बोट फिरवत खाली आलो आणि थांबलो. मारुतीअण्णांच्या नावाखाली लाल रेघ. माझ्याच पेनाची, माझ्याच हाताची.

"बसू, ह्या नंबरचं स्थळप्रतीचं पान काढ रं."

बसूनं पुस्तक उलटलं. मतपत्रिका फाडल्यावर पुस्तकात जो तुकडा उरतो, त्यावर अंगठा होता. मधोमध चिरलेला, दोन फाकांचा. बसूनं बोट लावलं तर शाई बोटाला लागली.

"सर, कागद मीच दिलाय. पण माणूस आठवंना."

खुर्ची ढकलून मी बाहेर पळालो. आक्कांना सांगायला पाहिजे होतं. काय सांगणार होतो, देव जाणे! पायरी रिकामी होती.

गेटवर पोलीस बाई उभ्या होत्या. त्यांना विचारलं, "इथं बसलेल्या आजी कुठं गेल्या?"

"त्या व्हय? गेल्या की मघाशी. आजोबा आलते न्यायला. दोघंबी एकमेकाला बोटाची शाई दाखवत गेली."