कडूबाचं आजारपण

फुलंब्रीकडच्या एका वाडीतल्या कडूबाला आजारपण कसं असतं ते माहीत नव्हतं, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. एसटीत शेजारी बसलेल्याला सांगायचा, दूध घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला सांगायचा, कुणाच्या मयतीला गेला तर तिथंसुद्धा सांगायचा. "साठी उलटली माझी. ती करोनाची लस सोडली तर अंगाला सुई लागली नाय. अन ती पण बायको ऐकंना म्हणून." ऐकणाऱ्यांचे कान किटले, पण ह्याचं तोंड कधी दुखलं नाही. कसं दुखेल? आजारच नाही ना माणसाला!

याचं सगळं श्रेय तो आपल्या नावाला द्यायचा. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली, तेव्हा आईनं ह्याचं नाव मुद्दाम कडूबा ठेवलं. मरणानं तोंडात घातलं तरी कडू म्हणून थुंकून द्यावं, हा हिशोब. आपल्याकडं असे कडूबा गावागावात सापडतात, पण नाव इतकं मनावर घेतलेला हा एकच. आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही, काढलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलंय, असा त्याचा कायदा होता. पायात काटा मोडला तरी "पायाला जरा काटा भेटला" म्हणायचा.

असा हा माणूस रोज सकाळी मोटारसायकलला कॅन लटकावून शहरात दूध घालायला जायचा. वाटेत हर्सूलच्या अलीकडं एक मोठं केंद्र होतं, तिथल्या चहालाही ह्याचंच दूध. त्या केंद्रात पाच-सहा देशांनी मिळून एक प्रशिक्षण चालवलं होतं. डोंगरातल्या, बेटांवरच्या, आडगावच्या नर्सबाईंना आणि नव्या डॉक्टरांना पडद्यावरून पेशंट कसा तपासायचा ते शिकवायचं. भिंतीवर हा भला मोठा पडदा, आणि त्यात चौकोनच चौकोन. एकात भूतान, एकात मालदीव, एकात बांगलादेश. शिकवायला काठमांडूच्या डॉक्टर थापा. इकडं पेशंटाला बसवून पट्टे आणि तारा लावायला आपल्या विशाखा सिस्टर.

पेशंट अर्थात खोटा. त्यासाठी नाटकात काम करणारा एक पोरगा ठरवला होता. एक दिवस तो आलाच नाही. का, तर आजारी पडला.

विशाखा सिस्टरनं दूध ओतणाऱ्या कडूबाला धरलं. "काका, जरा खुर्चीवर बसा. काय नाही, छातीत दुखतंय एवढं म्हणायचं."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"नाय बाई, ते आपल्याच्यानं व्हायचं नाय. दूध पायजे तेवढं घ्या, पण असलं वंगाळ बोलाया लावू नका."

सिस्टर हुशार. म्हणाली, "बरं, तुमच्या नको. दुसऱ्या कुणाच्या तरी म्हणा. पण बसा, तिकडं चार देश थांबलेत."

चार देश आपल्यासाठी खोळंबलेत म्हटल्यावर कडूबानं टोपी नीट केली आणि बसला. पडद्यावरून डॉक्टर थापांनी हिंदीत विचारलं, "बताइए बाबा, क्या तकलीफ है?"

"मेरेकू कुछ नै," कडूबा म्हणाला. "एक आदमी है. उसके छाती में दुखता."

"वो आदमी कहाँ है?"

"यहींच बैठेला है. लेकिन वो मैं नै."

भूतानच्या पोरानं भराभर लिहून घेतलं. मालदीवच्या नर्सबाईला वाटलं, मार डोक्याला लागलाय. बांगलादेशच्या डॉक्टरानं त्या दुसऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर आणायची विनंती केली. एकच गोंधळ! डॉक्टर थापा मात्र खूश. खरे पेशंट असेच असतात, म्हणाल्या, सरळ काही सांगत नाहीत, ह्यांनाच रोज बसवा. झालं. नाटकातल्या पोराचं काम गेलं ते गेलंच.

पुढं पुढं कडूबाला त्याची अशी गोडी लागली की विचारू नका. दुखणं 'त्या माणसाचं'च असायचं, कण्हणं मात्र ह्याचं. अगं आई गं काय, डोळे फिरवणं काय! एकदा नुसती पाठीला खाज आहे असं सांगायचं होतं, तर हा खुर्चीवरून खाली पडला. मालदीवच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी नेमका मुलगा शिवराज त्याला घ्यायला आला होता. तो वाळूजला कंपनीत. बाप चार देशांसमोर लोळतोय बघून त्याची छाती फुगली. त्यानं व्हिडिओ काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. आता त्यावर दोन शब्द लिहावेत की नाही? ह्या शहाण्यानं खाली नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

संध्याकाळपर्यंत अंगणात माणसंच माणसं. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जायची रीत आहे, आणि त्या रीतीत आजारी माणसाचं काही ऐकून घ्यायचं नसतं. जो तो हातात बिस्किटाचा पुडा आणि केळी घेऊन, चेहरा पाडून येई. कडूबा दारातच ओरडे, "आरं, मला काय धाड भरली! ते शिकवणीचं होतं!" लोक माना हलवत. "ज्याला असतं ना, तो असंच म्हणतो." कडूबानं चिडून अंगणात पळून दाखवलं. त्यावर एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमचा मामा बी असाच पळत व्हता. अटॅकच्या आदल्या दिवशी."

बिस्किटांचा ढीग बघून आशाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, आधी हसू येत होतं. मग पाचोडहून फोन आला आणि तिचं हसू पळालं.

पाचोडला त्यांची लेक मोनिका दिली होती. म्हणजे द्यायची होती. साखरपुडा झालेला, तारीख तेवढी काढायची राहिलेली. मुलगा अतुल सोन्यासारखा, दोघांचं फोनवर तासन्‌तास गुळपीठ. आणि फोनवर होता अतुलचा बाप रामकिसन. एवढंच म्हणाला, "व्हिडिओ बघितला. उद्या बघायला येतो."

आशाबाईनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडं वळली. "आवो, माझ्या लेकीची सोयरीक जर ह्या नाटकापायी मोडली ना, तर मी तुमाला खरंच आजारी पाडीन. सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी रामकिसन आला. मोठा मोसंबीवाला माणूस, गोणीभर मोसंबी घेऊनच आला. कडूबाच्या गुडघ्यावर हात ठेवून तो हळू आवाजात बोलायला लागला. "आता तब्येतीकडं बघा, व्याही. दिलाचं दुखणं पिढीजात असतंय म्हणतात. लग्नाचं काय एवढं? पुढल्या साली बघू."

सोयरिकीच्या भाषेत पुढल्या सालाचा अर्थ काय होतो ते सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. आत चुलीपाशी मोनिकाचे हात थांबले. चहा आला तो बिनसाखरेचा, आणि तोंड वाकडं करायचंही कुणाला सुचलं नाही.

कडूबा रात्रभर तळमळला. सकाळी उठला, कॅन लटकावले आणि मुक्कामाला राहिलेल्या रामकिसनला म्हणाला, "बसा मागं. तुमचा माझ्यावर भरोसा नाय ना, मग डाक्टरीणबाईच्या तोंडूनच ऐका." दोन कॅनच्या मध्ये पाय आखडून पाचोडचे व्याही हर्सूलला निघाले.

केंद्रात वर्ग भरलेला होता. कडूबानं पडद्यासमोर हात जोडले. "डाक्टरीणबाई, आज नाटक नै. आज सच्ची मेरेकू देखो. बेटी का सवाल है." विशाखा सिस्टरनं पट्टा बांधला, छातीला यंत्र लावलं, बोटाला चिमटा लावला. डॉक्टर थापांनी सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, बाबा घोड्यासारखे ठणठणीत आहेत.

कडूबानं विजयानं मागं पाहिलं. रामकिसन काही विरघळला नव्हता. "माणूस तुमचा, मशीन तुमचं, बाई तुमच्या वळखीच्या. कुणालाबी लावलं तर हे ठणठणीतच सांगणार. लावा मला, बघू." आणि त्यानं बाही वर करून दंड पुढं केला.

सिस्टरनं पट्टा लावला. मशीन गुरगुरलं, थांबलं. सिस्टरनं आकडा बघितला, पट्टा सोडला आणि दुसऱ्या दंडाला बांधला. वरचा आकडा पुन्हा दोनशेच्या पुढं. पडद्यावर भूतानच्या पोरानं अंगठा दाखवला, मालदीवच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. नवा पेशंट झकास होता!

"सब लोग अपना कैमरा बंद कीजिए," डॉक्टर थापा म्हणाल्या. "ये प्रैक्टिस नहीं है."

चौकोन एकेक करून काळे झाले. थापाबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि मायेनं विचारलं, डोकं दुखतं का? रामकिसनची मान खाली गेली. दुखतं. सकाळी उठल्या उठल्या दुखतं. कधी कधी डोळ्यांपुढं अंधारी येते. घरात सांगितलं का? नाही. क्यों नहीं?

"घर में शादी है," रामकिसन म्हणाला. "नवऱ्याचा बाप आजारी निकला, तो लडकीवाले क्या बोलेंगे?"

लडकीवाला शेजारी उभा होता. सुचतील तेवढ्या शिव्या कडूबाच्या ओठांवर आल्या होत्या, पण बाही वर करून खुर्चीत बसलेला तो माणूस बघून त्यानं त्या गिळल्या. थापाबाईंनी आजच्या आज सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. कडूबानं दुधाचा रतीब सोडून त्याला नेलं, दिवसभर रांगेत त्याच्यासोबत बसला. गोळ्या मिळाल्या. मीठ बंद. दर महिन्याला तपासणी. त्यातही महिन्याआड हर्सूलला पडद्यावर थापाबाईंना दाखवायचं ठरलं.

बाहेर येऊन मोटारसायकलपाशी उभे राहिले तर रामकिसनचा फोन वाजला. घरून आवडाबाई, त्याची बायको. तपासायला निघाल्याचं तिला सकाळीच कळवलेलं. त्यानं तो न उचलता कडूबापुढं धरला. "व्याही, सोयरीक मोडायची तर मोडा. पण हे पाचोडात नका कळू देऊ. ह्या गोळ्या अन महिन्याच्या चकरा कुणाच्या म्हणून सांगू? माझा मोठा भाऊ गेला तवापासून आमच्या घरात दवाखाना म्हटलं की बायको हातपाय गाळती."

कडूबानं फोन घेतला आणि आपण बोलतोय म्हणून सांगितलं.

"काय वो भाऊ," तिकडून आवडाबाईचा आवाज, "काय म्हणलं मशीन? दिलाचं हाय का?"

"दिलाचं नाय, ईनबाई. बीपी निघालंय. एका माणसाला."

"कुणाला?"

साठ वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं, ते काढायचं होतं. कडूबाला आई आठवली, नाव आठवलं. मरण कुठं जवळपास उभं राहून ऐकत नाही ना, म्हणून त्यानं खरोखर मागं वळून पाहिलं. मागं रसवंतीवाला होता.

"मला," कडूबा म्हणाला. "मला झालंय."

"एवढंच व्हय!" आवडाबाईनं सुस्कारा सोडला. "मग त्यात काय? गोळ्या खायच्या अन मीठ सोडायचं. आमी उगं दिलाचं समजून भ्यालो. धाडून द्या ह्यांना, तारीख काढू."

झालं, लग्न ठरलं आणि कडूबाचं मीठ बंद झालं. बातमी वाडीत त्याच्या आधी पोचली होती. अळणी भाजी, अळणी वरण, ठेचा तर नजरेलाही नाही. शेजारीपाजारी वासावर असायचे. पापड उचलला की कुणीतरी हात धरायचंच. रामकिसन दर महिन्याला 'व्याह्याला सोबत' म्हणून हजर. पट्टा स्वतःच्या दंडाला, आणि गोळ्या मोसंबीच्या पिशवीत. भूतानच्या पोराला शेवटपर्यंत कळलं नाही की ह्यातला पेशंट कोणता.

लग्नात कडूबाच्या ताटात बिनमिठाचं वाढलं. शेजारी रामकिसन बसला होता. त्यानं ताटातलं लोणचं बाजूला सारलं, पापड सारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा व्याही अळणी खातो, अन मी खारं कसं खाऊ? मला बी तसंच वाढा." मांडवात वाहवा झाली. काय मन आहे माणसाचं! आवडाबाईनं डोळे पुसले. कडूबानं अळणी वरणभाताचा घास तोंडात कोंबला आणि व्याह्याकडं असं काही बघितलं की त्या क्षणी पट्टा बांधला असता तर बीपी त्यालाही निघालं असतं.

लेक सासरच्या वाटेला लागली. मांडवात शिवराज खुर्च्या रचत होता. आशाबाई ताट घेऊन आली आणि कडूबाजवळ खाली बसली. भाकरीखाली ठेचा होता. चांगला मुठीएवढा, वर मीठ भुरभुरलेला.

"अगं, मला बीपी हाय ना!" कडूबा इकडंतिकडं बघत म्हणाला.

"खावा गुमान," आशाबाई म्हणाली. "तुमाला खरंच काय झालं असतं, तर मेला असता पण 'मला झालंय' म्हणला नसता. तुमी तसं म्हणला तवाच मला कळलं, का दुसऱ्या कुणाला तरी झालंय."

कडूबानं भाकरीचा तुकडा मोडला. मग तो बराच वेळ खाली मान घालून खात राहिला, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्याचं आहे असं त्यानं बायकोला सांगितलं.