एस.टी.तला व्हिसा

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवतो की, अमेरिकेच्या व्हिशाचा निकाल मी उमरगा-सोलापूर एस.टी.त लागताना पाहिला आहे.

मराठवाडा नुकताच महाराष्ट्रात आला होता. समोरची मुलगी मांडीवरच्या ट्रंकेवर शेंगा फोडून टरफलं खिडकीबाहेर भिरकावत होती. शेतकी शिकायला अमेरिकेला जायचं म्हणून व्हिशासाठी ती एकटी मुंबईला निघाली होती. एवढं कळताच सारी गाडी व्हिशातली जाणकार झाली.

"शिकून परत येणार, ही खात्री पटल्याबिगर सायब शिक्का मारत न्हाय," फेटेवाले काका म्हणाले. "लगीन करून जा. नवरा हितं असला की झाली खात्री! हा आमचा पुतण्या. घरची शेती हाय."

पुतण्या काकांच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून घोरत होता. गाडी म्हणाली, "लई झकास!" कंडक्टरनंही मान डोलावली.

पुढं मुंबईत काय झालं, मला ठाऊक नाही. पण पोरींना त्यांच्या भल्याचं सांगायला तोंड उघडलं की मला अजून ती आठवते. तिनं पुतण्याला नीट न्याहाळलं, ट्रंकेवरची टरफलं झटकली आणि ड्रायव्हरलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, ह्याला मागं ठेवून गेले, तर मी परत येईन असं सायबाला वाटंल तरी का?"