दारात थांबणारा रथ

"काय गोड बोलते गं ही! आपल्या पोरींपेक्षा हिचंच मराठी खरं."

परदेशातल्या मराठी मंडळाच्या, ईलिंगच्या हॉलमधल्या किचनमध्ये एक काकू दुसरीला सांगत होत्या. मी दाराशी पेपर प्लेट्सचं पाकीट फोडत होते. 'ही' म्हणजे माझी फ्लॅटमेट, तंजावरकडची. गणपतीच्या कार्यक्रमाला हाउन्सलोहून तिला मीच घेऊन आले होते.

बाहेर तिच्याभोवती घोळका जमला होता आणि ती गावाबद्दल सांगत होती. मराठे राजे तंजावरला आले, त्यांच्यामागून तिचे पूर्वज कीर्तनकार म्हणून आले आणि कावेरीकाठच्या त्या गावात राहिले. शंकराचं देऊळ त्याच्या कितीतरी आधीचं, चोळांच्या काळातलं. मराठ्यांनी पुढचा मंडप तेवढा बांधला.

"उत्सवांत रथ आमच्या दारांत येऊन उभा राहतो," ती म्हणाली. "आम्ही मराठी आरती म्हटल्यावांचून पुढें जात नाही. ओढणाऱ्यांस एक अक्षर कळत नाही, तरी थांबतात."

"अगंबाई! बघा!" घोळक्यातून कुणीतरी म्हणालं.

ही गोष्ट मी आमच्या किचनमध्ये अनेकदा ऐकली होती, आणि दर वेळी भांडी जरा जोरातच घासली होती. मला कुणी गाव विचारलं की मी कोथरूड सांगते. आमच्या दाराशी फक्त स्कूलबस थांबायची. गेल्या वर्षी रॅफलच्या सोडतीचे आकडे पुकारताना मी एकोणसाठला एकोणसत्तर म्हणाले आणि सगळा हॉल हसला. म्हणूनच यंदा कार्यक्रमाचं निवेदन मी मागून घेतलं होतं. बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून, पुटपुटत पाठ केलं होतं.

मघाच्या काकू आल्या आणि माझ्या हातातला निवेदनाचा कागद काढून त्यांनी तिला दिला. "आज हिलाच बोलू दे. तू तशीही लाजतेस. चालेल ना गं?"

मी मान हलवली. माझी मान नेहमी माझ्याआधी हलते.

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचं मराठी घरात ऐकून आलेलं. शाळा तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी तिला वाचता येत नाही, हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. फ्रिजवरच्या माझ्या चिठ्ठ्यासुद्धा मीच तिला वाचून दाखवते.

माइक सुरू झाला. तिने कागद उलटा धरलाय का, ते मी बघत होते. धरला असता तर मला आवडलं असतं. पण तो सरळच होता, फक्त त्याचा कोपरा तिच्या बोटांत चुरगळत चालला होता. माझा कागद.

"काकू," तिच्या शेजारी जाऊन मी म्हणाले, आणि ते माइकमध्येही गेलं, "रथाची गोष्ट ती सांगेल. निवेदन मी करणार आहे."