अकलोलीचं पाणी आणि पांढऱ्या गोळ्या

भिवंडीहून अंबाडीला जाणाऱ्या बसची पहिली पायरी जमिनीपासून माझ्या गुडघ्याएवढी उंच आहे. नोकरीच्या बत्तीस वर्षांत मी ह्याच रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवायला जात होते, पण तेव्हा हे मोजायची गरज पडली नव्हती. त्या सोमवारी सकाळी मी दांडी धरली, उजवा पाय उचलला आणि तो वीतभर वर जाऊन थांबला. मांडीत कळ आली. मागे उभा असलेला यंत्रमागावरचा एक कारागीर, बहुतेक रात्रपाळी संपवून निघालेला, म्हणाला, "अम्मा, आप चढ़ो, मैं पीछे हूँ." वरून कंडक्टरनं हात दिला, खालून त्यानं कोपराला आधार दिला आणि मी बसमध्ये पोचले. लगेच बसायला जागाही मिळाली. लोकांना वाटलं असावं, ही बाई दूर चालली आहे. मी बावीस-तेवीस किलोमीटरवर चालले होते.

कुठं आणि का, ते सांगते. वर्षभरापूर्वी एका सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. दोन्ही खांदे आणि कंबरेखालचा भाग आखडून गेला होता. वेणी घालायला हात वर जात नव्हता. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका असं नाव सांगितलं. ते नाव मला नीट म्हणता येईपर्यंत दोन आठवडे गेले. आजार त्याआधीच पळाला, कारण स्टिरॉइडच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी स्वतः वेणी घातली.

नंतर गोळ्यांनी आपलं दुसरं काम सुरू केलं. दोन पोळ्या खाणारी मी चार खाऊ लागले. झोप उडाली. साखर वाढली. चेहरा गोल झाला, इतका की शेजारीण म्हणाली, "बाई, रिटायर झाल्यावर तब्येत छान सुधारली हो तुमची." डॉक्टरबाई दर महिन्याला गोळी थोडी थोडी कमी करत होत्या आणि घाई करू नका म्हणून बजावत होत्या. गोळी कमी झाली तशी मांड्यांची दुखणी परत डोकं काढू लागली. अशा वेळी डॉक्टरकडे जायचं असतं. मी नणंदेला फोन केला.

माझ्या नणंद, शेवंतावन्सं, अंबाडीला राहतात. माझे मिस्टर गेले, त्यांचे यजमान त्याआधीच गेले. आता आम्ही दोघीच एकमेकींना फोन करणाऱ्या. वय एकाहत्तर, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, आवाज मात्र तरण्या शेतमजुराचा. त्या म्हणाल्या, "वैनी, गोळ्या सोड त्या. तीन दिस अकलोलीच्या गरम पान्यात बस. माजं गुडघं त्याच पान्यानं बरं झालं. मी गोळी घेते का कंदी? न्हाय."

मला हेच ऐकायचं होतं. शनिवारपासून मी गोळी बंद केली आणि सोमवारी निघताना पाकीट मुद्दाम घरी ठेवलं. बरोबर घेतलं असतं तर खाल्ली असती.

भिवंडी सुटली की दोन्ही बाजूंनी गोदामं लागतात. पूर्वी इथं भाताची खाचरं होती. आता लांबच लांब निळे पत्रे आणि त्यांच्यापुढे उभे कंटेनर. रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या मांड्यांनी वेगळा मोजला. अंबाडी नाक्याला वन्सं उभ्याच होत्या. त्यांनी मला उतरताना पाहिलं, पिशवी घेतली आणि नेहमीपेक्षा हळू चालल्या. तेवढ्यावरूनच मी कशी दिसत असेन ते मला कळलं. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) घालून केलेली वांगी होती. मला दोन घास जास्त गेले नाहीत. चार पोळ्यांची भूक अचानक गेली ह्याचा मला आनंदच झाला.

मंगळवारी सकाळी आम्ही टमटमनं (शेअर रिक्षानं) अकलोलीला गेलो. तानसा नदीच्या काठी बांधून काढलेली कुंडं आहेत. जवळ गेलं की गंधकाचा वास येतो, माचिसची काडी नुकतीच ओढल्यासारखा. एका कुंडाचं पाणी पाय घालवत नाही इतकं कढत, दुसरं जरा सोसवणारं. बायका साडीसकट पायऱ्यांवर बसल्या होत्या. एक म्हातारी आपल्या गुडघ्यांवर पाणी मारत त्यांच्याशीच बोलत होती. मी दुसऱ्या कुंडात कंबरेपर्यंत उतरले. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मांड्या सैल झाल्या. अर्धा तास मला आजार नव्हता.

"बघ, वैनी, बोलली व्हती ना मी?" वन्सं म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. मनातल्या मनात डॉक्टरबाईंना सांगायचं वाक्यही तयार केलं.

परत येताना ते सुख शेजारच्या वज्रेश्वरीपर्यंतही टिकलं नाही. संध्याकाळी खांदे धरले. बुधवारी सकाळी मला कुशीवर वळायला वन्संना हाक मारावी लागली. पोटात मळमळत होतं, हातापायांत जोर नव्हता. शहाण्या माणसानं तिथंच थांबायला हवं होतं. वन्सं म्हणाल्या, पाणी अंगातलं दुखणं आधी बाहेर काढतं, म्हणून असं होतं. मला ते पटलं. मुलांना मी विज्ञान शिकवत असे.

त्या दिवशी कुंडात बसून पाचच मिनिटं झाली असतील. उठायला गेले आणि मांड्यांनी उठवलं नाही. दुसऱ्यांदा जोर केला, तर डोळ्यांपुढे पिवळं झालं. वन्संनी दंड धरला, पण एकटीच्यानं मी हलेना. तेवढ्यात कालच्या त्या गुडघ्यांशी बोलणाऱ्या म्हातारीबरोबरची बाई पाण्यात उतरली. पन्नाशीची, चष्मा केसांत खोवलेला. तिनं काखेत हात घातला, दोघींनी मिळून मला काठावर आडवं केलं आणि पाय पिशवीवर उंच ठेवले. मग ती माझी नाडी धरून बसली.

"मी नर्स होते," ती म्हणाली. "मीना. वडप्याहून आईला घेऊन येते मी. बाई, तुम्हाला कसला त्रास आहे?"

मी आजाराचं लांबलचक नाव घेतलं. काठावर आडवी पडूनही मला ते बिनचूक म्हणता आलं.

"गोळ्या कुठल्या?"

मी नजर पाण्याकडे वळवली. तिनं माझा गोल चेहरा पाहिला, दंडावरचे निळे डाग पाहिले.

"स्टिरॉइड ना? आज घेतली?"

"न्हाय," वन्संनीच सांगितलं. "शनवारपासून बंद केल्यात. मीच सांगितलं तिला."

मीनाताई रागावल्या नाहीत. आवाज मात्र एकदम ड्युटीवरचा झाला. "वर्षभर ही गोळी घेतली की शरीर स्वतःचं ते औषध बनवायचं जवळजवळ सोडून देतं. एकदम बंद केली तर प्रेशर खाली जातं. माणूस जाऊ शकतं, बाई. आणि त्यात तुम्ही गरम पाण्यात. उठा. उठू नका, आम्ही उचलतो."

रिक्षात मी मध्ये, एका बाजूला मीनाताई, दुसऱ्या बाजूला वन्सं. मीनाताईंची आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. ते नियमात बसत नाही, पण तिला कोणी उतर म्हणालं नाही. अंबाडीच्या दवाखान्यात मीनाताईंची ओळख होती. कंपाउंडरनं "जयभीम, सिस्टर" म्हणून आम्हाला सरळ आत घेतलं. माझ्या फोनमध्ये डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीचा फोटो होता. प्रेशर बरंच खाली गेलं होतं. डॉक्टरांनी सुई दिली, सलाईन लावलं आणि भिवंडीला फोन करून दोन वाक्यं बोलले. दुसऱ्या वाक्यानंतर फोनमधून डॉक्टरबाईंचा आवाज खाटेपर्यंत ऐकू आला.

सलाईन संपेपर्यंत वन्सं स्टुलावर बसून होत्या. अंगावर ओली साडी तशीच. मी म्हटलं, "वन्सं, घरी जाऊन साडी तरी बदला."

"न्हाय," त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "दादा असता तर मला काय बोलला असता गं."

दादा म्हणजे माझे मिस्टर. ते काहीच बोलले नसते. तसल्या वेळी ते उठून बाहेर फेऱ्या मारत. पण मी ते सांगितलं नाही. "गोळी मी बंद केली," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं नसतं तरी कोणाला तरी विचारून केलीच असती."

मीनाताई जाताना माझ्या फोनवर गोळीच्या वेळेचा एक गजर लावून गेल्या. गुरुवारी वन्संनी मला भिवंडीला आणून घातलं. डॉक्टरबाईंनी मला तपासलं, रक्त काढायला सांगितलं आणि गोळी पूर्वीच्या, जास्तीच्या मात्रेवर नेऊन ठेवली. मांड्यांचं दुखणं म्हणजे आजार परत उठला असेल, त्या म्हणाल्या. कधी कधी ह्याच गोळ्यांनी मांडीचे स्नायूही अशक्त होतात. कुठलं ते तपासून ठरवायचं असतं, म्हणून पाय दुखले की त्यांच्याकडे यायचं. डोकं किंवा जबडा दुखला, दिसायला कमी झालं, तर त्याच दिवशी यायचं. आणि गोळी कमी करायची ती त्यांनीच. एवढं बोलून त्यांनी मला सगळं परत म्हणून दाखवायला लावलं. मी म्हटलं. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच करायला लावत होते.

आम्ही उठणार, एवढ्यात वन्सं म्हणाल्या, "बाई, माजं पन जरा बघा. बीपीची गोळी व्हती मला. होळीपासून न्हाय घेतली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीकडे पाहत होत्या. डॉक्टरबाईंनी पट्टा गुंडाळला, यंत्रावरचा आकडा पाहिला, परत मोजलं. मग नवा केसपेपर काढला.

गोळ्यांपासून सुटका व्हावी म्हणून मी प्रवासाला निघाले होते. चौथ्या दिवशी परतले तेव्हा घरात गोळ्या खाणाऱ्या दोघी झाल्या होत्या. पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं मला अर्धा तास दिला, तेवढंच त्याच्याकडे होतं. डॉक्टरबाईंनी परवानगी दिली की कदाचित पुन्हा जाईन, पाकीट बरोबर घेऊन. मांड्या आता बऱ्याच मोकळ्या झाल्या आहेत, सकाळी अर्धा तास सोडला तर. जिना मात्र अजून कठडा धरूनच चढते.

वन्सं महिनाभर माझ्याकडेच राहणार आहेत. सकाळी नाश्ता झाला की मी त्यांची गोळी त्यांच्या हातावर ठेवते आणि त्या माझी माझ्या हातावर. मग दोघी एकमेकींकडे बघत बसतो, गिळून होईपर्यंत.